पाळीव कुत्र्याची नसबंदी: भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नातला आपल्या अंगणातला वाटा

2025 च्या ऑगस्ट महिन्यात सुप्रीम कोर्टाने भटक्या कुत्र्यांबद्दल दोन आठवड्यांच्या आत दोन आदेश दिले आणि सगळ्यांचा मोबाईल कुत्र्यांनी भरून गेला. एका बाजूला 'सगळी उचलून न्या' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'मुक्या जिवांवर अन्याय' म्हणणारे. या भांडणात एक साधा प्रश्न मागेच राहिला. ही कुत्री मुळात येतात कुठून?

काही कुत्री रस्त्यावरच जन्मतात, हे खरं. पण बरीचशी आपल्याच अंगणातून तिथं जातात. म्हणून आज बोलूया ते भटक्या कुत्र्यांबद्दल नाही, तर तुमच्या-आमच्या घरातल्या कुत्र्याच्या नसबंदीबद्दल. ती कशासाठी करायची, त्यात नेमकं काय होतं, तोटे कोणते आणि कधी करायची, हे नीट समजून घेऊ.

पाळीव आणि भटका, मधली रेघ कुठं?

सातारा जिल्ह्यातलं पाटण घ्या. कोयना आणि केरा नद्यांच्या संगमावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती डोंगर, उतारावर वाड्या-वस्त्या. इथं कुत्रा पाळणं म्हणजे गळ्यात पट्टा घालून त्याला संध्याकाळी फिरायला नेणं नव्हे. ज्या दारात भाकरी मिळते ते घर कुत्र्याचं. रात्री तो गोठ्याची राखण करतो, दिवसा गावभर हिंडतो. लसीचा विषय निघाला की तो 'आमचा' असतो, आणि कुणाला चावला की 'गावातला' होतो.

2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यातली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होती. पाळलेली पण मोकळी फिरणारी कुत्री या दोन्ही जगांत राहतात. ती घरात जेवतात आणि रस्त्यावर जोडी जमवतात. त्यातून होणाऱ्या पिल्लांपैकी काहींनाच घर मिळतं.

कायद्याने मात्र ही रेघ स्पष्ट ओढली आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम पहिल्यांदा 2001 मध्ये आले. 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी. पाळीव कुत्र्याचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. म्हणजे नगरपंचायतीने उद्या मोहीम काढली, गावातलं प्रत्येक भटकं कुत्रं पकडून ऑपरेशन केलं, तरी तुमच्या दारातली कुत्री त्यात धरलेली नाही. तिचा निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे.

भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत

भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळा सरता सरता रस्त्यावरची बहुतेक कुत्री माजावर येतात. गर्भ राहिल्यापासून साधारण 63 दिवसांत कुत्री विते. त्यामुळे दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली की जिथं तिथं पिल्लं दिसतात.

घरात खाऊन-पिऊन असलेल्या कुत्रीला मात्र महिन्याचं बंधन नसतं. ती सहा महिने ते एक वर्षाची झाली की पहिल्यांदा माजावर येते आणि पुढे साधारण सहा-सात महिन्यांनी पुन्हा येत राहते. माज सुमारे तीन आठवडे टिकतो. सुरुवातीला रक्तस्राव दिसतो. तो कमी झाला की 'आता संपलं' असं समजून लोक कुत्रीला सोडतात, आणि नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे असतात. एकाच विण्यातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हेही अनेकांना माहीत नसतं.

आता साधा हिशेब करा. कुत्री वर्षातून एकदाच व्याली आणि दर वेळी पाचच पिल्लं धरली, तरी आठ वर्षांत चाळीस पिल्लं होतात. तुमच्या ओळखीत चाळीस घरं आहेत का, जी पिल्लू घेतील आणि शेवटपर्यंत सांभाळतील?

इथंच एका फॉरवर्डबद्दल बोलायला हवं. 'कुत्र्याच्या एका जोडीपासून सहा वर्षांत 67 हजार कुत्री होतात' असं सांगणारं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. हा आकडा कागदावरचा आहे. प्रत्येक पिल्लू जगतं, वाढतं आणि वितं असं धरलं तरच तो येतो. प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि जे होतं ते जास्त वाईट आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या 95 विण्यांमधल्या 364 पिल्लांवर लक्ष ठेवलं. 2016 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली फक्त 19 टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली. आणि जी मेली त्यांतल्या 63 टक्के मृत्यूंमागे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे माणूस होता.

म्हणजे पोत्यात भरून पुलापलीकडे किंवा बाजाराच्या कडेला सोडलेल्या पाच पिल्लांपैकी जेमतेम एखादं जगतं. उरलेली गाडीखाली जातात, आजाराने किंवा उपासमारीने मरतात. 'देवाच्या भरवशावर सोडली' म्हणून मनाची समजूत घातली जाते. पण जनावराला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे.

यात माद्यांचं नशीब अधिकच वाईट. 'कुत्रा असेल तर द्या, कुत्री नको' हे वाक्य गावोगावी ऐकायला मिळतं. कारण एकच, ती विणार ही भीती. नसबंदी केली की ते कारणच उरत नाही. कुत्री राखणदारीत कमी नसते आणि घरालाही तितकीच माया लावते.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

'नसबंदी' या शब्दामुळे थोडा घोळ होतो. माणसाच्या नसबंदीत फक्त नळी कापतात किंवा बांधतात. ग्रंथी शरीरातच राहतात, हार्मोन तयार होत राहतात. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा तसं करत नाहीत. मादीची दोन्ही बीजांडं आणि सहसा त्यांच्यासोबत गर्भपिशवीही काढतात. नराचे दोन्ही वृषण काढतात. त्यामुळे पिल्लं थांबतातच, शिवाय माज, भटकणं आणि काही आजार यांच्यामागची हार्मोनही थांबतात. पुढचे सगळे फायदे आणि तोटे या एका गोष्टीतून येतात.

शेतकरी घरात ही कल्पना नवी नाही. खोंडाला औताला जुंपण्याआधी खच्ची करणं पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. तोच विचार कुत्र्याबाबत केला की मात्र 'पाप लागेल' असं वाटतं. कुत्र्याचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं आणि नंतर वेदना कमी करणारं औषध दिलं जातं.

कुत्रीला याचा काय फायदा?

पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गर्भपिशवीत पू होण्यापासून सुटका. डॉक्टर याला पायोमेट्रा म्हणतात. प्रत्येक माजानंतर, गर्भ राहो वा न राहो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हार्मोन काही आठवडे वाढलेलं असतं. त्यामुळे पिशवीचं अस्तर जाड होतं आणि जंतूंना वाढायला जागा मिळते. दर माजाला हे घडत राहतं, म्हणून वयाबरोबर धोका वाढतो. स्वीडनमधल्या विमा नोंदींच्या अभ्यासात, नसबंदी न केलेल्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांना दहा वर्षांच्या आत हा आजार झाल्याचं दिसलं.

लक्षणं लक्षात ठेवा. माज होऊन एक-दोन महिने झालेत, कुत्री खूप पाणी पिते, सारखी लघवी करते, खाणं सोडलं आहे, उलट्या होतात, मागून घाण वासाचा स्राव येतो किंवा पोट फुगलं आहे. असं दिसलं तर 'उद्या बघू' म्हणू नका. काही वेळा पिशवीचं तोंड बंद असतं, स्राव बाहेर दिसतच नाही आणि विष आतल्या आत पसरतं. यावर मुख्य उपाय म्हणजे तीच पिशवी काढणं. फरक इतकाच, की तरुणपणी तब्येत ठणठणीत असताना होणारं ऑपरेशन आता म्हाताऱ्या, आजारी कुत्रीवर घाईघाईने करावं लागतं.

दुसरा फायदा स्तनांच्या गाठींबाबतचा. कुत्रीच्या अशा गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या असतात. 1969 च्या एका अमेरिकन अभ्यासानुसार, पहिल्या माजाआधी नसबंदी केलेल्या कुत्र्यांमध्ये हा धोका, न केलेल्यांच्या तुलनेत फक्त 0.5 टक्के होता. एका माजानंतर केली तर 8 टक्के आणि दोन किंवा जास्त माजांनंतर 26 टक्के. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. पण 2012 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आधीचे सगळे अभ्यास तपासून, हा पुरावा समजतो तितका भक्कम नाही, असं नोंदवलं. धोका कमी होतो असा कल दिसतो, नेमका किती यावर खात्रीने बोट ठेवता येत नाही.

तिसरा फायदा मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांसाठी फार महत्त्वाचा. आपल्याकडे कुत्र्यांमध्ये जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त येणारी गाठ बऱ्याचदा दिसते. हा संभोगातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कर्करोग आहे. यात गाठीतल्या पेशीच थेट दुसऱ्या कुत्र्यात रुजतात. इंजेक्शनांनी तो बहुधा बरा होतो, पण त्यासाठी आठवड्यामागून आठवडे दवाखान्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. नसबंदी झालेलं कुत्रं या वाटेने सहसा जातच नाही.

आणि नराला?

'आमचा तर कुत्रा आहे, त्याला कुठं पिल्लं होणार?' हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न. पिल्लं त्याला होत नाहीत, त्याच्यामुळे होतात. माजावरच्या एका कुत्रीमागे पाच-सात कुत्री लागतात, त्यात तुमचा असतो. त्या काळात तो दोन-दोन दिवस घरी येत नाही, भांडणात फाटून येतो, कराड-चिपळूण रस्त्यावर गाडीखाली येतो.

वृषण काढल्यावर त्यांच्या कर्करोगाचा प्रश्न मिटतो आणि म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी सुजण्याचा त्रास टळतो. मादीच्या मागे भटकणं, जागोजागी लघवीच्या खुणा करणं, अंगावर चढणं हे पुष्कळ कुत्र्यांमध्ये कमी होतं. पण भीतीने किंवा चुकीच्या सवयीने चावणारा कुत्रा ऑपरेशनने शांत होईलच असं नाही. तसं कुणी खात्रीने सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

तोटे आहेत का? आहेत.

नसबंदीनंतर शरीराला लागणारं अन्न साधारण पाव हिश्शाने कमी होतं, भूक मात्र वाढते. जुन्याच मापाने भाकरी-दूध चालू ठेवलं तर कुत्रं लठ्ठ होतं. उपाय सोपा आहे, माप कमी करा आणि हालचाल चालू ठेवा.

काही माद्यांमध्ये, विशेषतः मोठ्या अंगाच्या, पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. तो औषधाने बहुधा आटोक्यात राहतो.

तिसरा मुद्दा वयाचा. हाडांची वाढ थांबवण्यात या हार्मोनांचा हात असतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर अशा मोठ्या जातींमध्ये, एक वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे आजार जास्त आढळले. लहान जातींमध्ये असा फरक फारसा दिसला नाही. त्यामुळे 'सहाव्या महिन्यात करा' हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. आपल्या गावठी, मध्यम अंगाच्या कुत्र्यांची नसबंदी साधारण सहा महिन्यांनंतर करतात. मोठ्या जातीच्या कुत्र्याबाबत एक वर्ष किंवा त्याहून जास्त थांबायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. मात्र तोवर माजावरच्या कुत्रीला आणि नरालाही घरात बांधून ठेवण्याची तयारी हवी.

काही पक्के बसलेले गैरसमज

*'एकदा तरी व्यायला हवी.'* एकदा व्याल्याने कुत्रीची तब्येत सुधारते याला वैद्यकीय आधार नाही.

*'राखण करणार नाही.'* अनोळखी माणसाला पाहून भुंकणं हे कुत्र्याच्या स्वभावात, जातीत आणि सवयीत असतं. ते वृषणांवर अवलंबून नाही. उलट भाद्रपदात मादीमागे पळून न जाणारा कुत्रा रात्री गोठ्याजवळ असतो.

*'ऑपरेशन कशाला, माज थांबवायचं इंजेक्शन देऊ.'* हा मार्ग स्वस्त वाटतो आणि तोच महागात पडतो. माज पुढे ढकलण्यासाठी दिली जाणारी हार्मोनची इंजेक्शनं पिशवीत पू होण्याचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढवतात. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनाने रक्त तयार करणाऱ्या मज्जेलाही इजा होऊ शकते.

*'चांगल्या जातीची आहे, पिल्लं विकू.'* कारवानी असो वा लॅब्रॅडोर, विक्रीसाठी पैदास करायची तर 2017 च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून पैदास करता येत नाही.

जंगलाजवळच्या गावांसाठी आणखी एक कारण

पाटण तालुक्याचा मोठा भाग कोयना अभयारण्याला लागून आहे. हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अशा ठिकाणी बिबट्याचा वावर नवा नाही. आणि बिबट्या वस्तीत येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठी.

नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात संशोधकांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून ते काय खातात हे तपासलं. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के. अकोले हा उसाचा, शेतीचा भाग आहे, पाटणचं जंगल वेगळं. पण तर्क इथंही लागू पडतो. घराभोवती मोकळी कुत्री आणि त्यांची पिल्लं जितकी जास्त, तितकं बिबट्याला वस्तीत आयतं खाद्य.

उलट दिशेनेही त्रास होतो. मोकळी कुत्री रानात शिरतात, भेकर आणि सशांच्या मागे लागतात, डिस्टेंपरसारखे आजार रानात नेऊ शकतात. लस टोचलेलं, नसबंदी झालेलं आणि घराजवळ राहणारं कुत्रं जंगलालाही कमी त्रासाचं असतं.

नसबंदी म्हणजे रेबीजची लस नव्हे

या दोन गोष्टींची गल्लत करू नका. नसबंदीने कुत्र्यांची संख्या हळूहळू कमी होते. रेबीज थांबतो तो लसीने. शेजारच्या गोव्याने वर्षानुवर्षं घरोघरी आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली आणि 2021 मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळपास सगळा कुत्र्यांमुळे होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असंच धरावं लागतं. त्यामुळे तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस आणि पुढे दर वर्षी डॉक्टर सांगतील तसा डोस, हे नसबंदी केली तरी चुकवायचं नाही. मात्र पिल्लं कमी झाली की दर वर्षी नव्याने लस द्यावी लागणारी कुत्रीही कमी होतात.

करायचं ठरवलं, तर काय काय करायचं?

सुरुवात तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यापासून करा. तिथं ऑपरेशन होतं का, नसेल तर कुठं पाठवतात, खर्च किती, हे आधीच विचारा. कराडमधल्या खासगी डॉक्टरांकडेही चौकशी करता येईल. अवघड केस असेल तर सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

- कुत्री माजावर असताना शक्यतो ऑपरेशन करत नाहीत, कारण तेव्हा पिशवीचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. माजानंतर दोन-तीन महिने थांबतात. पिल्लांना पाजत असेल तर पिल्लं अंगावरून सुटू द्या.
- अंगावर गोचीड असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि रक्त तपासून घ्या. गोचीड तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि ऑपरेशनमध्ये जास्त रक्त जाण्याचा धोका असतो.
- आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही. किती तास आणि पाण्याचं काय, हे डॉक्टर सांगतील तसं. भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ही काळजी.
- नंतर दहा ते चौदा दिवस कुत्र्याला कोरड्या, स्वच्छ जागी ठेवा. गोठ्यातल्या शेणा-चिखलात नको. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घाला, आंघोळ घालू नका. जखमेवर माश्या बसू दिल्या तर किडे पडतात.
- घरातली ताप-अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. माणसाची काही वेदनाशामकं कुत्र्यासाठी विषारी असतात.
- नराला ऑपरेशननंतर महिनाभर माजावरच्या मादीपासून दूर ठेवा. आधीचे शुक्राणू नळीत शिल्लक असल्याने तेवढ्या काळात गर्भ राहू शकतो.

हे सगळं जुळवायला वेळ लागतो. पाटणच्या वर डोंगरात वाडी असेल तर कुत्र्याला खाली आणणं, नंतर दोन आठवडे बांधून ठेवणं सोपं नाही. म्हणून एका वस्तीतल्या चार-पाच घरांनी मिळून डॉक्टरांशी एकच दिवस ठरवणं आणि एकच गाडी करणं जास्त सोयीचं पडतं. माजानंतरचे दोन-तीन महिने आणि पावसाळ्यातला चिखल लक्षात घेतला, तर उन्हाळ्यातच तारीख ठरवून ठेवलेली बरी. भाद्रपद लागल्यावर धावपळ करून फारसा उपयोग नसतो.